आबा बंगल्यावर गेलेत

मागच्या वर्षी आजच्या दिवशी आमचे आबा गेले आणि मी ते माझ्या सख्ख्या भावापासून चौदा दिवस लपवलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत आहे. मीच तुम्हाला फोन करून सांगितलं होतं, स्टेटस ठेवू नका, श्रद्धांजलीची पोस्ट टाकू नका, संदीप बघेल.

तुम्ही ऐकलंत. एकानेही टाकली नाही.
म्हणून आबांसाठीची ही पहिलीच पोस्ट.

संदीप जर्मनीत असतो, एका लहानशा कारखान्यात मशिनवर. आयटीआय करून तळेगावच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर घासलेला पोरगा. तिकडे लागला तेव्हा आबांनी मळवली स्टेशनवर ओळखी-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले होते.

आबा मळवलीत एका शेठच्या बंगल्याची राखण करायचे. बावीस वर्षं. माळी तेच, वॉचमन तेच, पाहुण्यांना चिकन आणून देणारेही तेच.
सुट्टी ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

माझ्या लग्नात मंगलाष्टका संपल्या आणि शेठचा फोन आला. पाहुणे गेटवर उभे होते.
"पंगत उठायच्या आत येतो," म्हणाले आणि नव्या सदऱ्यातच सायकलवर बसले.
परत आले तेव्हा माझी पाठवणी होऊन गेली होती.

मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला. चार दिवस तळेगावला ॲडमिट होते. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला म्हणाले, "संदीपला कळवू नगं. पोरगं काम टाकून पळत यील. परका मुलूख, मालक दुसरा माणूस बघंल."

मी "बरं" म्हटलं.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मी भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. पावसाळ्यात आमच्याकडे सुट्टी मागणं म्हणजे राजीनामाच. आमच्यातल्या एकीची सासू वारली. ती पाच दिवसांनी कामावर आली तर तिच्या जागी दुसरीच बाई उभी.
आबा गेले तेव्हा मला दोन दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी, सुतकात, मी हनिमूनला आलेल्यांच्या बेडवर गुलाबाच्या पाकळ्या मांडत होते.

इथे हे असं, तर जर्मनीत याहून कडक असणार, असं मी धरून चालले. विचारलं मात्र कुणालाच नाही.

अग्नी मी दिला.

संदीप रोज लंच ब्रेकमध्ये फोन करायचा. आपल्याकडे तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. आई-आबांचा मिळून एकच फोन होता, तो मी माझ्याकडेच ठेवून घेतला होता, रिपेअरला टाकलाय असं त्याला सांगितलं.

"आबा कुटंयत?"
"बंगल्यावर गेलेत. पाव्हणे आलेत."
"मंगळवारचे?"
"जोडून सुट्ट्या आल्यात म्हणं."
"ताई, त्यास्नी म्हणावं जरा बसत जा."
"सांगते."

चौदा दिवस हेच चाललं. आबांना कधी सुट्टी नसायची, म्हणून माझं खोटं खपलं.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मागे मशिनचा आवाज येत होता. मग फोन कट झाला.

दोन दिवसांत तो घरी आला. आबांच्या फोटोसमोर बसून होता, चहाही घेतला नाही. मग हळूहळू बोलला.

त्याच्या सुपरवायझर बाईंनी त्याला उभ्या उभ्या सुट्टी दिली होती. वडील गेल्यावर भरपगारी सुट्टी मिळते, करारात तसं लिहिलेलंच आहे. वर त्याच्या हक्काच्या रजा शिल्लक होत्या, त्यांना तर त्याने हातही लावला नव्हता. बाईंना एकच गोष्ट कळेना. वडील जाऊन चौदा दिवस झाले आणि हा माणूस मशिनवर कसा? तुझं घरच्यांशी वैर आहे का, असं विचारलं त्यांनी.

"मी काय सांगायचं त्यांना?" संदीपने मला विचारलं.

मी म्हटलं, "तुझी नोकरी गेली असती रे."

"सुट्टी मागितली की नोकरी तुजी जाती, ताई. माजी न्हाई जात."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

कराराची झेरॉक्स पहिल्या दिवसापासून आईच्या ट्रंकेत होती. जाताना त्यानेच ती आबांच्या हातात दिली होती. इंग्रजीतली.
मला इंग्रजी वाचता येतं. गेस्टचे ईमेल मीच वाचते.

आबांनी सांगू नको म्हटलं होतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण आबा गेल्यानंतरचे चौदा दिवस माझे होते.

आता संदीप फक्त रविवारी फोन करतो. आई झोपलीय म्हटलं की म्हणतो, "कॅमेरा फिरव."
मी फिरवते. आईची चादर हलताना दिसली की मग पुढचं बोलतो.

आज वर्षश्राद्ध. संदीपने तिकडे सुट्टी मागितली आणि त्याला मिळाली. खोलीत आबांचा फोटो मांडून व्हिडिओवर भटजी सांगतील तसं तो करत होता.

मलाही सुट्टी हवी होती. मॅनेजर म्हणाले, "शनिवारी? फुल हाउस आहे. सोमवारी बघू."
ही पोस्ट मी लिनन रूममध्ये, टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. मॅनेजरांनी वाचली तर वाचू दे.

आत्ताच आईचा फोन येऊन गेला. विधी चालू असताना संदीपने तिला विचारलं म्हणे, "ताई कुटंय?"
आई म्हणाली, "रिसॉर्टवर गेलीय. पाव्हणे आलेत."


आबा, एक वर्ष उशीर झाला. तुमच्या लेकीची श्रद्धांजली.