भिंतीवरची मुलगी

२०१४च्या जूनमध्ये मी वसईहून तलासरीला आले. सिस्टर म्हणून व्रत घेऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कॉन्व्हेंटच्या शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवायची, संध्याकाळी मुलींचं वसतिगृह सांभाळायचं, हे माझं काम. स्वतःची चित्रं काढायला रविवारची दुपार मिळे.

वसतिगृहाच्या जेवणघरात एक भिंत मोकळी होती. तिच्यावर मी येशूची पंगत रंगवायला घेतली. भाकरी वाढणारा येशू आणि पुढ्यात मांडी घालून बसलेल्या आमच्याच मुली. एकेकीला समोर बसवून चेहरे काढले. त्यांत कासाकडच्या एका पाड्यावरची आठवीतली मुलगी होती. तिला स्वस्थ बसवत नसे. "सिस्टर, माझं नाक एवढं मोठं नका काढू," असं सारखं म्हणायची.

होळीच्या सुट्टीत ती घरी गेली आणि तापानं फणफणली. कासाच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. ती गेली.

तिची पेटी न्यायला आई आली, तेव्हा मी तिला भिंतीपाशी नेलं. ती रडली नाही. पेटी तिथंच ठेवून बसून राहिली. मग दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. निघताना मुलीच्या गालावर हात ठेवायची. तिथला रंग झिजायचा, आणि ती गेल्यावर मी तो पुन्हा भरायचे.

२०१८च्या शेवटी भूकंपाचे हादरे सुरू झाले. गावंच्या गावं अंगणात ताडपत्री बांधून राहू लागली. आमचे वर्ग झाडाखाली भरत. एका हादऱ्यानं जेवणघराची ती भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. इंजिनिअरनं बघितलं आणि पाडायला सांगितलं.

मी आमच्या सुपिरियर सिस्टरकडे गेले. "टेकू देऊन बघू या ना," म्हटलं.

"आणि ती एखाद्या मुलीवर पडली तर?" त्या म्हणाल्या. "तूच सांग, मी काय करू?"

मोबाइलवर भिंतीवरच्या त्या चेहऱ्याचा फोटो काढून मी तो मोठा छापून घेतला आणि मुलीच्या आईला दिला. तिनं कागदावरून बोट फिरवलं.

"हा गुळगुळीत लागतो, सिस्टर. भिंत खरबरीत होती. तिला हात लावला की बरं वाटायचं."

भिंत पाडायच्या दिवशी मी गवंड्याला विनवलं, तेवढा तिच्या चेहऱ्याचा गिलावा तरी सोडवून दे. बिचारा छिन्नीनं हलक्या हातानं ठोकत राहिला. मी खाली पदर धरला होता. आधी हनुवटी सुटली, मग सगळं एकदम भुगा होऊन पदरात आलं. चॅपलमध्ये गेले, तर प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून फुटेना. पुढचे कित्येक दिवस इतरांच्या आवाजात नुसते ओठ हलवले.

तरी मी प्लायवूडवर ती मुलगी पुन्हा रंगवायला बसले. समोर मोबाइलमधला फोटो होता. डोळे तेच, नाक तेच, पण ती काही येईना. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. शेवटी जमेल तसं पुरं केलं. रंगात वाळू मिसळून गाल खरबरीत केला आणि आईला दाखवलं.

तिनं बराच वेळ बघितलं. गालाला हात लावला, काढून घेतला. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, हळूच म्हणाली, "चांगली पोर आहे. कुणाची?"

ती चहा न घेताच निघाली, ती पुन्हा बाजाराला आली नाही. मी पाड्यावर गेले, तर झोपडीला कुलूप होतं. घरचे सगळे कामाला गुजरातेत गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. केव्हा येतील, तिला ठाऊक नव्हतं.

२०१९मध्ये माझी डहाणूला बदली झाली. इथंही चित्रकला शिकवते. फळ्यावर चिकू काढून देते, होडी काढून देते. "सिस्टर, माझा चेहरा काढा ना," असं एखादी म्हणते, तेव्हा मी खडू तिच्याच हातात देते.