खटपटेकाकांचा भुंगा

इमारतीत त्यांना सगळे खटपटेकाका म्हणायचे. हे काही आडनाव नव्हे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावरही हात गप्प बसेनात, म्हणून चिकटलेलं नाव. कोणाची इस्त्री, कोणाचा पंखा, कोणाची दारावरची बेल. काम झालं की लोक तोंडभरून "वा काका" म्हणत आणि दार लावून घेत. बायको गेल्यावर काकांच्या घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं.

मुलगी दूरच्या शहरात, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. दर रविवारी सकाळी फोन करायची. वाईट मुलगी नव्हे हो, मुळीच नाही. पण फोन कसा? जेवण वेळेवर आहे ना, गोळ्या चालू आहेत ना, गुडघा काय म्हणतो. काकांनी सगळ्याला "ठीक" म्हटलं की विषय खलास. मग दोघं थोडा वेळ नुसते फोन धरून बसत आणि "बरं मग" म्हणून ठेवून देत. आई होती तेव्हा इकडचं तिकडे तीच सांगायची. बापलेकींना थेट बोलायची कधी वेळच आली नव्हती, आता ती कला कुठून आणायची?

अशात काकांनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला. प्लेअर ठणठणीत होता, पण सुईतून येणारा आवाज इतका बारीक असतो की आधी तो वाढवणारी एक पेटी लागते, प्रीअँप म्हणतात तिला. जुनी पेटी जळून गेलेली. बाजारात तयार मिळते, पण तयार आणतील ते काका कसले! जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग मांडलं, जेवण ओट्यापाशी उभ्यानेच उरकायला लागले, आणि पत्र्याच्या दोन पेट्या तयार केल्या. एकीत प्रीअँप, दुसरीत तिला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. मोठ्या आशेने बटण दाबलं. स्पीकरमधून एकच आवाज, घूंऽऽऽ. गाणं त्याच्या खाली कुठेतरी गाडलेलं.

त्या रविवारी मुलीने गुडघ्याचं विचारलं तसे काका वैतागून म्हणाले, "गुडघ्याचं सोड गं, माझ्यामागे भुंगा लागलाय."

"कसला भुंगा?"

काकांनी सगळं सांगितलं आणि पलीकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. "पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवलाय? प्रीअँपच्या डोक्यावर? अहो बाबा, लांब न्या त्याला. आणि वायर जाळीवाली घेतलीत ना?" बोलता बोलता तिचा चहा गार झाला, ती हसली, आणि जेवणागोळ्यांचं विचारायचं साफ विसरली. फोन ठेवल्यावर काका कितीतरी वेळ उगाचच टेबल आवरत होते. इतकं बरं त्यांना बायको गेल्यापासून वाटलं नव्हतं.

मग हे सुरूच झालं. ती नवं काही सुचवायची, काका आठवडाभर ते करून बघायचे. भुंगा बारीक व्हायचा पण जायचा नाही. मधल्या वारी "गेला का?" असा मेसेज यायचा. भुंग्याच्या आडून ती ऑफिसातल्या खडूस साहेबाबद्दल बोलायला लागली, घरमालकाबद्दल बोलायला लागली, एकदा तर नवऱ्याशी झालेल्या भांडणाबद्दलही बोलली.

आणि एका दुपारी काकांना चोर सापडला. प्लेअरची वायर प्रीअँपमध्ये जिथे खोचतात, त्या सॉकेटचा धातू पेटीच्या पत्र्याला टेकत होता, त्यामुळे अर्थिंग दोन ठिकाणी जोडलं जात होतं आणि तिथूनच भुंगा आत शिरत होता. काकांनी औषधाच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण कापून मध्ये वॉशर बसवला. बटण दाबलं. शांत. स्पीकरच बंद पडला की काय म्हणून त्यांनी कान लावला, मग रेकॉर्डवर सुई टेकवली. गाणं असं स्वच्छ निघालं की काकांचे डोळे भरून आले. त्यांनी फोन उचलला आणि हात तिथेच थांबला. भुंगा गेला म्हटल्यावर ती "छान" म्हणणार. मग पुढे? पुढे पुन्हा गुडघा. त्यांनी फोन परत खाली ठेवला.

रविवारी तिने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "आहे गं, हटत नाही मेला." त्यानंतरच्या रविवारीही तेच. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, फोन संपला की घाम पुसायचा.

मग एकदा ती म्हणाली, "बाबा, फोन स्पीकरजवळ धरा बघू. मलाच ऐकू दे."

आता आली का पंचाईत! काकांनी प्रीअँपमधून प्लेअरची वायर उपसली आणि तिच्या रिकाम्या सॉकेटात स्वतःचं बोट टेकवलं. माणसाचं अंग घरातल्या विजेची गुणगुण पकडतं. बोट लागताच भुंगा पहिल्यापेक्षा दांडगा होऊन घुमला. बोट तसंच ठेवून, दुसऱ्या हाताने फोन पुढे धरून काका उभे राहिले.

तिने तो नीट ऐकून घेतला. मग आवाज मऊ करून म्हणाली, "इतका आहे? बाबा, माझंच चुकलं. या वयात तुम्हाला नसत्या नादाला लावलं. थांबा, तयार प्रीअँप मिळतो तो पाठवून देते."

"नको गं, जमेल मला."

"नाही जमत, तर नाही. त्यात कमीपणा कसला? निवांत गाणी ऐका."

पार्सल आलं. तळहाताएवढी काळी डबी. काकांनी जोडली, आणि ती मुकाट चालली. तिचा फोन आला, "भुंगा?" डबीत खोट आहे म्हटलं असतं तर आणखी दोनचार रविवार निघाले असते. पण पोरीने घाम गाळून कमावलेल्या पैशाची वस्तू, तिला नावं ठेवायला काकांची जीभ रेटेना.

"नाही," काका म्हणाले.

"चला, सुटलात एकदाचे," ती म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला होता.

त्यानंतर काकांनी डबी काढून खोक्यात ठेवली आणि आपल्या दोन पेट्या पुन्हा जोडल्या. भुंग्याचा मागमूस नव्हता. पण तिच्या लेखी बाबांना तो काही घालवता आला नाही, आणि आता ते तसंच राहणार होतं.