वेलांटीचा फॉन्ट आणि माझी शिस्त

माझ्या धाकट्या मेहुण्याचं पाट्यांचं दुकान आहे. गल्लीत त्याला सगळे वेलांटी म्हणतात, कारण त्याच्या मिशीचं एकच टोक वर वळलेलं असतं. हाताने पाट्या रंगवायचे दिवस संपले तेव्हा त्याने आपलं वळण कॉम्प्युटरात उतरवलं आणि स्वतःचा फॉन्ट तयार केला. जवळच्या मोठ्या दवाखान्यातली प्रत्येक पाटी त्याच फॉन्टात आहे. 'रांगेत थांबा' हे त्याच्या अक्षरात वाचलं की माणूस खरंच थांबतो.

मी वाणिज्य शाखेचा. निवृत्ती उंबरठ्यावर आली, ऑफिसात शिस्त लावायला काही उरलं नाही, तेव्हा सुट्टीत मेहुण्याच्या दुकानाकडे मोर्चा वळवला. त्याच्या कॉम्प्युटरात एकाच नावाच्या दोन-दोन फायली पाहून माझा जीव कासावीस झाला. प्रत्येक जोडीतली एक उडवली, वर कचरापेटीही रिकामी केली. मग उरलेल्या फायली उतरवून घेतल्या आणि तो जुना खटारा भंगारात घालून नवा कॉम्प्युटर आणि डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर बसवून दिलं. घरी जाताना चालण्यात ऐट होती.

पुढे दवाखान्याने नवा मजला चढवला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "नव्या पाट्या जुन्यांसारख्याच हव्यात. जमत नसेल तर सगळ्याच दुसऱ्याकडून करून घेते." दुकानाचं निम्मं पोट त्या दवाखान्यावर भरत होतं.

नव्या सॉफ्टवेअरने वेलांटीच्या फॉन्टला ओळखच दाखवली नाही.

"जुना प्रकार आहे, हे घेत नाही," तो म्हणाला. "नव्या प्रकारात बदलून घेतो. दुसरी फाइल कुठाय?"

"कसली दुसरी?"

"भाऊजी, या फॉन्टच्या दोन फायली असतात. एकीत अक्षरं, दुसरीत कोणी कोणाला किती खेटून बसायचं ते. जोडपं असतं ते!"

"अरे, नाव एकच होतं."

"ताईचं आणि तुमचं आडनावही एकच आहे. म्हणून एकाला भंगारात घालू?"

डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "कोणाला, ते आधी ठरवा."

"तू आणखी कुठे ठेवली नाहीस?" मी उसनं अवसान आणलं.

"ठेवली होती की. त्याच कॉम्प्युटरात, दुसऱ्या कप्प्यात. तोही तुम्हीच आवरलात."

एकाच फायलीवर काम भागवून पाहिलं. पडद्यावर 'शस्त्रक्रिया' उमटली, पण एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर आणि तिसरं रुसून लांब. ऑपरेशनच्या आधीच टाके उसवलेले.

वेलांटी उठला आणि त्याने माझ्या हातात पट्टी दिली. "अंतरं गेली नाहीत, दवाखान्याच्या भिंतीवर आहेत. चला, मोजून आणा."

मग मी, चार माणसांत मान असलेला गृहस्थ, दवाखान्याच्या बोळात स्टुलावर उभा राहून अक्षरांमधल्या फटी मोजू लागलो.

"काय शोधताय हो?" बाकावरच्या आजींनी विचारलं.

"अक्षरांमधली मोकळी जागा."

"केसपेपर काढलाय ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

माझी मापं घेऊन वेलांटीने अंतरं पुन्हा बसवली, फॉन्ट नव्या प्रकारात आणला, पाट्या लागल्या. डॉक्टरीणबाई पाहायला आल्या तेव्हा माझं लक्ष नव्या 'बाहेर'च्या पाटीकडे गेलं. 'बा'नंतर एक 'हेर' सहज घुसेल एवढी फट! जुन्या पाटीवरचा 'बा' कधीतरी निखळला होता आणि शिपायाने तो अंदाजाने चिकटवला होता. मी मात्र ती फट इमानेइतबारे मोजून आणली होती.

बाईंनी खालच्या मजल्यावर जाऊन जुनी पाटी पाहिली, वर येऊन नवी पाहिली. "हुबेहूब," त्या म्हणाल्या. "पुढच्या मजल्याचंही तुम्हीच करा."

वेलांटीला फॉन्टातली ती फट चुटकीसरशी बुजवता येईल. तो बुजवत नाही. गावात कुठेही 'बाहेर'ची नवी पाटी लागली की मला मुद्दाम दाखवायला नेतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "ही जागा आमच्या भाऊजींची."