राळेगावचं मेमरी कार्ड

"सोमवारपर्यंत होऊन जाईन ना?" साहेबांनी विचारलं.

"झालंच समजा, साहेब," मी छातीठोकपणे म्हणालो.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचे कंट्रोलर आम्ही बनवतो. त्यांत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. तो सांभाळणं माझं काम. राळेगावच्या एका जिनिंगवाल्या भाऊंनी आमचे नव्या चिपचे बोर्ड घेतले होते. या चिपमध्ये सुरक्षेची एक सोय होती: प्रोग्राम ठरलेली वाट सोडून भलतीकडे परतला, की चिप त्याला तिथंच बंद पाडते. पण ही सोय नव्या कर्नललाच वापरता यायची, आमच्या जुन्या, स्टेबल कर्नलला नाही. नवं काम असं जुन्यात आणून बसवणं म्हणजे बॅकपोर्ट. तो मी केला, ती सोय सगळ्या प्रोग्रामना सक्तीची केली, ऑफिसात तपासला आणि स्वतःवरच खूश झालो.

टेस्टिंग बघणाऱ्या मेश्राम मॅडमची सही तेवढी बाकी होती. त्यांनी पॅचची, म्हणजे मी केलेल्या बदलांची, यादी शांतपणे वाचली.

"याच्यात दुरुस्ती कोणती अन् नवं काम कोणतं?"

दुरुस्त्या दोनच निघाल्या, बाकी सगळं नवं काम.

मॅडमनी कपाट उघडलं. दर हंगामाआधी त्या एसटीनं एकेका जिनिंगला जातात आणि तिथल्या चालत्या मशीनच्या मेमरी कार्डाची नक्कल स्वतः करून आणतात. आम्ही पाठीमागे हसायचो. राळेगावची नक्कल त्यांनी माझा कर्नल टाकून नव्या बोर्डात घातली. प्रेसचं दार बंद आहे का, हे बघणारा प्रोग्राम सुरू झाला आणि लगेच बंद पडला. ऑफिसात तो नवा होता, राळेगावात अजून जुनाच, त्याची परतायची वाट आडवळणाची. चिपनं त्याला चोर समजून धरलं. हा प्रोग्राम बंद पडला की प्रेस थांबते. ऐन हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली असती, माझ्यामुळे.

"पण भाऊले शब्द देऊन बसलो ना मी!" साहेब म्हणाले.

मॅडमनी सरळ फोन लावला. "भाऊ, ती सोय आता टाकली तं तुमची प्रेस बंद पडते. हंगाम झाल्यावर टाकू?"

"मंग कायले घाई करून राह्यले, मॅडम? चालू द्या आहे तसं!"

फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची होती?"

"टेस्टिंगमध्ये सापडलं, साहेब. टेस्टिंग त्याच्यासाठीच असते." मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतका मोठेपणा मी आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

दोन दुरुस्त्या तेवढ्या पाठवल्या. हंगामभर प्रेस चालली. नंतर तिथला जुना प्रोग्राम बदलून नवा घातला, नव्या कर्नलसोबत सोय चालू केली.

ऑफिसात पास झालेलं काम फक्त ऑफिसात पास झालेलं असतं, एवढं मी शिकलो. यंदा कार्डाच्या नकलेसाठी राळेगावची एसटी मीच धरली. परत आल्यावर मॅडमनी एकच विचारलं, "चालत्या मशीनचं आणलं ना?"