दारातल्या पाखराचा फोटो

एका उन्हाळ्यात मी आमच्या दिग्रसच्या घराचं पुढचं दार बंद केलं आणि अख्ख्या घराला मागून यायला-जायला लावलं. घरात कुणाला देवी आल्या नव्हत्या की दाराची चौकट मोडली नव्हती. दारावरच्या मधुमालतीत एक पाखरू घरटं बांधत होतं, आणि मला त्याचा फोटो काढायचा होता.

साठ-एकसष्ट साल असेल. आमचे हे शाळेत मास्तर. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. त्यांनी जन्मभर कापसाच्या जिनात रुईच्या गाठी बांधल्या आणि घरी बसल्यावर अंगणात मिळेल ते लावलं. मधुमालती, मोगरा, तोंडली, वांगी, सगळं एकमेकांच्या अंगावर. "सारी जिनगानी पांढरं पाह्यलं, आता रंग पाहू दे," असं म्हणायचे.

कॅमेरा माझ्या भावाचा. भाऊ पलटणीत होता. सुटीवर आला तेव्हा त्याचा जुना डबा कॅमेरा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सुमे, घरच्यांचे फोटो काढत जा. ऊन पाठीशी ठेव आणि माणूस चार पावलं लांब ठेव, बस." मी घरच्यांचा एक फोटो काढला. सगळे असे ताठ उभे राहिले, जसं काही कोर्टात हजर केलंय! शिवाय नंतर रोज विचारणा: "आला का? कसा आला? माझं नाक कसं आलं?" त्यापेक्षा वांग्याचं फूल बरं. ते नाकाबद्दल विचारत नाही.

त्या डब्याच्या डोक्यावर एक बोटभर काच होती. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्या काचेत बघायचं. आपलं रोजचं अंगण, जिथं आपण भांडी घासतो, वाळवण घालतो, ते त्या काचेत इवलंसं, चकचकीत आणि उलटं दिसायचं. डावीकडचा मोगरा उजवीकडे! मी एकदा बघायला लागले की चुलीवर भात आहे हे विसरून जाई. (भात मात्र विसरत नसे. तो आपलं काम करून काळा होई.)

शेजारच्या रुक्माबाईंनी मला पहिल्यांदा तशी उभी पाहिली आणि सरळ माझ्या सासूबाईंना गाठलं.

"आत्याबाई, तुमची सून घडीघडी पोट काहून पाहून राह्यली? काही आनंदाची गोष्ट हाय का?"

"आनंदाची कायची वं? थे तोंडलीवरच्या अळीचा फोटो काढून राह्यली!" (आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना तसं म्हणायचे म्हणून सगळी गल्ली म्हणायची.)

अशात ते पाखरू आलं. पुस्तकात त्याला शिंजीर म्हणतात हे मला फार नंतर कळलं. नर निळा-जांभळा, उन्हात नुसता चमकणारा. मादी साधी, पिवळसर पोटाची. तिनं दाराच्या अगदी वर, वेलाच्या लोंबत्या फांदीला गवताची पिशवी विणायला घेतली. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, बसच्या तिकिटाचा एक कपटा, सगळं तिनं एकटीनं आणलं. नर समोरच्या तारेवर बसून गात होता.

"पाय वं," आत्याबाई म्हणाल्या, "बाई मरमर करून राह्यली आन् बुवा गाणे म्हणून राह्यला." हे बोलताना त्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या आपल्या मुलाकडे का पाहत होत्या, कोण जाणे!

दार उघडलं की मादी भुर्रकन उडून जाई. म्हणून मी आतून कडी लावली.

"अवं, पण माणसाइनं कुठून यावं?" हे गोंधळून म्हणाले.

"मागून. रुक्माबाईच्या गोठ्यातून."

"सायकल घेऊन?"

"सायकल भिंतीवरून."

मला वाटलं, मामाजी माझा कान धरतील. मामाजी कमी बोलायचे, पण बोलले की गल्ली ऐकायची. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि चप्पल हातात घेऊन मागच्या दाराकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "पाखरू पाहुणं हाय. पण पोरी, एक सांगतो, वेलाले हात लावू नोको."

त्या दिवसापासून त्यांनी अंगणात बाज टाकली आणि मांजरावर पहारा सुरू केला. दुपारी त्यांचा डोळा लागला की मांजर त्यांच्या पायथ्याशी येऊन झोपे, ही गोष्ट वेगळी.

रुक्माबाईंच्या गोठ्यात त्यांची म्हैस बांधलेली असे. रोजच्या येण्या-जाण्यानं ती आम्हाला ओळखायला लागली. पण शांताला (माझ्या नणंदेला) बघायला बाभुळगावचे पाहुणे आले, त्यांना ती ओळखत नव्हती! आमचे हे त्यांना रस्त्यावरून, "इकून या, जरा वाकून या, शेपटीपासून जपून या," असं करत आणत होते. मुलाचे वडील वाकले आणि म्हशीनं त्यांच्या खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टा ओढून चघळायला घेतला. घरात शिरले तेव्हा त्यांच्या एका जोड्याला शेण होतं आणि दुपट्ट्याला फेस.

"जयभीम," ते म्हणाले. आवाज जरा रागातच होता.

"जयभीम," मामाजी म्हणाले. "माफी करा. समोरचं दार बंद हाय."

"काहून?"

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघराच्या भिंतीत विरघळून जावं! माझ्यामुळे पोरीचं लग्न मोडणार, हे त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं. मामाजी मात्र पाहुण्यांना खिडकीशी घेऊन गेले. घरट्याच्या भोकातून मादीची चोच बाहेर आलेली दिसत होती.

पाहुणे बघत राहिले. चहा आला, तरी बघत राहिले. पोहे आले, ते त्यांनी खिडकीशी उभ्यानंच खाल्ले. शांता बिचारी पदर सावरून बसलेली, आणि तिला शिवण येतं का, शिकली किती, हे विचारायला कुणी जागेवर नाही! शेवटी निघताना त्यांना आठवण झाली.

"पोट्टी चांगली हाय," ते म्हणाले. "ज्या घरात पाखरासाठी म्हाताराबी गोठ्यातून जाते, त्या घरची पोट्टी आमाले पसंत हाय."

त्यानंतर मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. शांताचं लग्न माझ्या कॅमेऱ्यानं जमवलं, असं मी रुक्माबाईंना सांगितलं, नळावर सांगितलं, आणि आत्याबाईंनाही ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. आता फोटो निघायलाच हवा होता. घरट्यात पिल्लं बोलायला लागली होती. आई किडा घेऊन आली की दोन इवल्या चोची भोकातून बाहेर येत. तोच फोटो मला हवा होता.

पण डबा कॅमेऱ्याला लागतं ऊन, आणि मधुमालतीखाली सावली. काचेत नुसता काळोख दिसे. फार नाही, वरच्या दोन-चार फांद्या बाजूला झाल्या तर ऊन नेमकं घरट्यावर पडेल, असं माझं गणित. लग्नाचं पक्कं करायला मामाजी आणि हे बाभुळगावला गेले, आणि मी स्टूल आणि विळा घेऊन आले.

एक फांदी कापली. थोडं ऊन आलं. दुसरी कापली. आणखी आलं. असं करता करता घरटं उन्हात लख्ख उघडं पडलं आणि मी आनंदानं स्टुलावरून जवळजवळ पडले! खाली उतरून चार पावलं मागे गेले, मान खाली घातली. काचेत घरटं सोन्यासारखं चमकत होतं. आई आली, चोची बाहेर आल्या, मी कळ दाबली. पुन्हा दाबली. रोल संपेपर्यंत दाबत राहिले. मग भात आठवला म्हणून आत गेले.

तेवढ्यात नराचा आवाज आला. गाणं नव्हे, नुसती चिरचिर. मी धावत बाहेर आले. फांदीवर कावळा बसला होता. इतके दिवस पानांमुळे त्याला जे दिसत नव्हतं, ते मी त्याला नीट दाखवून ठेवलं होतं. हाकलायला धावले खरी, पण हातात काठीऐवजी कॅमेरा! तो तरी फेकून मारायला हवा होता की नाही? मी तो छातीशी घट्ट धरला आणि नुसती ओरडत राहिले.

आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा घरटं एका बाजूनं फाटून लोंबत होतं. त्यांनी वर बघितलं, खाली पडलेल्या फांद्या बघितल्या, विळा बघितला. मग तो उचलून आत नेऊन ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनं हे आणि मामाजी आले, मामाजी पुढे. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा फुललेला. वेलाखाली आले आणि थांबले. मी आतून पाहत होते. आता मला खूप बोलतील, मग मी खूप रडेन आणि मग बरं वाटेल, असं मी ठरवून ठेवलं होतं.

"ऊन लय लागत असन तिले," ते म्हणाले.

एवढंच. मग घरात जाऊन गोणपाट आणलं, स्टुलावर चढले आणि त्या रिकाम्या, फाटक्या घरट्यावर सावली बांधली. मला म्हणाले, "सुमन, स्टूल धर." मी धरलं. पुढे दोन दिवस ती मादी चोचीत किडा घेऊन येत होती आणि गोणपाटाखाली जाऊन तो तसाच घेऊन परत जात होती. मामाजी बाजेवरून बघत बसायचे. मांजरालाही त्यांनी हाकललं नाही.

पुढचं दार मीच उघडलं. पहिले काही दिवस सगळे सवयीनं गोठ्यातूनच गेले.

रोल धुवायला यवतमाळला दिला होता. ह्यांनी फोटो आणले. सगळ्या फोटोंत आमचं दार होतं, त्याच्या कड्या, भेगा, खिळेसुद्धा मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. वर कोपऱ्यात तांदळाएवढा डाग, ते घरटं. चोची शोधायला मी भिंग मागून आणलं. नव्हत्या.

"दुकानदार विचारत होता," हे हळूच म्हणाले, "मास्तर, दार लय मस्त आलं, सागवानी हाय का?"

हसावं की रडावं कळेना. मी हसले. मग आत जाऊन दुसरंही केलं.

पुढच्या उन्हाळ्यात मधुमालती पुन्हा गच्च झाली, पण पाखरू तिच्यावर आलं नाही. त्यानं रुक्माबाईंच्या कढीलिंबावर घरटं केलं. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. रुक्माबाई त्याच्याखालीच बसून तांदूळ निवडायच्या, म्हशीशी भांडायच्या, आणि मादी खुशाल आत बसून राहायची. मी रिकाम्या हातांनी कुंपणाशी जाऊन उभी राहिले, तर भुर्रकन उडून गेली.

"तिनं मला ओळखलं," मी आत्याबाईंना म्हणाले.

"पाखराले काय माणूस ओळखू येते वं? तुह्या थ्या भडक लाल लुगड्याले भेली असन."

मला तेवढाच आधार वाटला. मी आत गेले, लुगडं बदललं, आणि फिक्या हिरव्या रंगाचं, अगदी पानासारखं, नेसून पुन्हा कुंपणाशी गेले.

तरी उडाली.