टेलरमास्तरांच्या घरचा नियम

आमच्या शाळेत पुरुष शिकवत असेल तर तो सर आणि बाई शिकवत असेल तर ती बाई. मास्तर म्हणून हाक फक्त एकालाच, आणि तो शाळेत शिकवत नाही, फाटकासमोर बसून गणवेश शिवतो. टेलरमास्तर कामाला चोख आहेत, बोलायला गोड आहेत, आणि शाळेतून आलेला शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

मी पहिलीचा वर्ग घेते. या भागात घरागणिक भाषा निराळी. शाळेची भाषा मात्र एकच, आणि ती फार थोड्यांच्या घरची. एकदा वरून हुकूम आला, मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोला. ते जमवतोय तोवर दुसरा आला, चुकूनही बोलू नका. मग चित्रं लावायला सांगितली, मग भिंती मोकळ्या ठेवायला सांगितल्या. सुरुवातीला मी भांडायचे. आता हुकूम वाचते, सही करते आणि चहा पिते.

मास्तरांची मुलगी नुकती बोलायला लागली होती तेव्हाची पालकसभा मला आठवते. मुख्याध्यापकांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "शाळेची भाषा येत नसेल तर पहिलीत प्रवेश नाही. आजपासून घरात हीच बोला." पालकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन नेहमीसारखे बोलायला लागले. मास्तरांनी मात्र ते मनावर घेतलं.

त्यांचं घर म्हणजे एकच लांबट खोली. पुढे मशीन आणि कापडाचं फळकुट, मागे चूल आणि बिछाने, मध्ये पडदा. गिऱ्हाईक त्या पडद्याआड कपडे घालून बघतं. मास्तरांनी नियम केला की घरच्या भाषेतला शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याने पडद्यामागे जायचं. शाळेच्या भाषेतला शब्द आठवला की बाहेर यायचं. मुलगी दोन-तीनदा आत गेली आणि शहाणी झाली. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, शाळेच्या भाषेतलं 'या', 'बसा' आणि 'नाही' एवढंच येत होतं. त्या आत गेल्या त्या गेल्याच. तिथेच बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. मुलीला भूक लागली की ताट पुढे सरकवायचं, झोप आली की थोपटायचं, तोंडातून चकार शब्द नाही.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, वहिनींच्या तोंडाला कुलूप लावलंत की हो तुम्ही."

"ती शिकेल हळूहळू, बाई. पोरीचं वर्ष जायला नको."

मला संताप आला होता. पण सभेत टेबल आपटणारे मुख्याध्यापक होते, आणि मास्तर फक्त सांगितलेलं करत होते. सांगितलेलं न करणारे सुखात राहिले, हे मात्र खरं.

यंदा मुलगी पहिलीच्या वयाची झाली आणि नेमका नवा हुकूम आला. मुलाचा पाया घरच्या भाषेत पक्का हवा. पहिलीत घेताना आधी घरच्या भाषेत तपासा, मग शाळेच्या. ज्याला दोन्हीपैकी एकही धड येत नाही त्याने आणखी एक वर्ष बालवर्गात बसावं. कचेरीने मास्तरांची भाषा जाणणाऱ्या एक तरुण मॅडमही पाठवल्या. मी सही केली. चहा त्या दिवशी कडू लागला.

मास्तर मुलीला घेऊन आले. नवा फ्रॉक, कडक इस्त्री. मागे वहिनी. मॅडमनी घरच्या भाषेत मुलीला नाव विचारलं. मुलगी दचकली आणि दाराकडे बघायला लागली. वर्गात पडदा कुठे आहे ते ती शोधत होती, हे मला कळलं. मॅडमना कळणं शक्य नव्हतं. त्यांनी चित्रातलं भांडं दाखवलं, गाय दाखवली, चंद्र दाखवला. मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"बरं, शाळेच्या भाषेत सांग," मॅडम म्हणाल्या आणि बाजारातल्या बाईचं चित्र पुढे केलं. "काय दिसतंय?"

मुलगी एकदम खुलली. "कमरेत ढगळ आहे, मॅडम. आत घ्यावं लागेल."

"आणि हे बाळ काय करतंय?"

"आज नाही होणार. मंगळवारी नक्की!"

मॅडमना हसू आवरेना. मलाही आलं, आणि आल्याबरोबर लाजही वाटली. मास्तरांची शाळेची भाषा सगळी गिऱ्हाइकांकडून आलेली. माप, तक्रार आणि वायदा, यापलीकडे त्यांच्याजवळ शब्दच नव्हते. जे होते ते सगळे त्यांनी लेकीला दिले होते. गाणं, गोष्ट, रुसवा, लाड यांचे शब्द पडद्यामागे राहिले होते. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

मॅडम मनाने चांगल्या होत्या. "सुट्टीनंतर पुन्हा बघते," त्या म्हणाल्या. "तोवर आईला भरपूर बोलायला सांगा. तेव्हाही नाही जमलं तर मात्र बालवर्ग."

मास्तर मला फाटकापाशी म्हणाले, "मला वाटलं होतं बाई, भाषा म्हणजे सदऱ्यासारखी. एक काढायची, दुसरी घालायची."

"आणि दुसरा शिवून होईतो उघडं बसायचं?" मी म्हटलं. बोलून गेले आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली.

सुट्टीत माझा एक ड्रेस कमरेत आत घ्यायचा होता म्हणून मास्तरांकडे गेले. मास्तरांनी आता नियम फिरवला होता. दुपारी जेवणं झाली की अभ्यास. अभ्यास म्हणजे मायलेकींनी पडद्यामागे बसून घरच्या भाषेत बोलायचं. पडद्याबाहेर मात्र जुनाच कारभार. न जाणो, पुन्हा हुकूम फिरला तर? हुकूम फिरतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मास्तरांनी सांगितलं की आधी काही दिवस वहिनींना बोलताच येईना. काय बोलावं तेच सुचेना. मग एका दुपारी त्यांनी भांडी घासता घासता कुठलीशी गोष्ट सुरू केली आणि धरणाचं दार उघडावं तशा बोलत सुटल्या. मी बसले होते तेव्हाही आतून त्यांचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. चांगला खणखणीत होता. मध्येच मुलीने काहीतरी विचारलं आणि दोघी खो खो हसल्या. मास्तरांचं मशीन थांबलं होतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"माझीच नक्कल चाललीये," ते म्हणाले आणि डोळे पुसून पुन्हा टीप मारायला लागले.

सुट्टीनंतरच्या तपासणीला मुलगी आईचा हात धरून आली. मॅडमनी भांड्याचं चित्र पुढे केलं, तर हिने भांड्याची अख्खी गोष्ट सांगितली. मॅडमनी चंद्र दाखवला, तर हिने त्यालाही गोष्टीत ओढला. मॅडम हसत हसत माझ्याकडे वळल्या. "घ्या पहिलीत. छान बोलते." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मात्र काय ठरेल ते सांगता येत नाही. वर पुन्हा बैठका चालू आहेत."

मी मान हलवली. बैठका चालू नसतात असं वर्ष मी पाहिलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मास्तरांनी मुलीला उचलून घेतलं. वहिनी पदराने तोंड पुसत होत्या, हसत होत्या. मुलीने बापाच्या कडेवरूनच आईला काहीतरी विचारलं, घरच्या भाषेत. वहिनींचं हसू जागच्या जागी थांबलं. मास्तरांनीही मुलीला खाली ठेवलं.

मी म्हटलं, "काय झालं?"

मास्तरांनी अर्थ सांगितला. "ती विचारतेय, आई, मी पास झाले ना? मग आता आपलं बोलणं बंद करायचं?"

वहिनींनी मुलीला जवळ ओढलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. आणि मास्तर, एवढं सगळं होऊनही, माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "आता नियम काय आहे?"