पुसट झालेली बोटं

त्याला सगळे भिंगरी म्हणतात. अठरा वर्षं व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात, म्हणजे दिवसाचे दहा तास खुर्चीतलं काम, आणि हा सलग दहा मिनिटं बसेल तर शपथ. पडद्यावर एक्सपोर्टची, म्हणजे व्हिडिओची फाइल बाहेर काढण्याची, पट्टी सरकायला लागली की हा उठतो, खिडकीशी जातो, खालच्या गॅरेजातल्या रंगाऱ्याला हात करतो, परत येतो. पट्टी चार टक्के पुढे गेलेली असते. पुन्हा उठतो.

त्याचा पहिला संगणक रडका होता. लांबलचक काम उघडलं की मान टाकायचा. म्हणून भिंगरी टप्प्याटप्प्यानं काम उरकायला शिकला. कापाकापी झाली की एक्सपोर्ट. तीच फाइल पुन्हा आत घ्यायची, रंग सुधारायचे, पुन्हा एक्सपोर्ट. मग उजेड, मग नावं, मग खालची अक्षरं. डिस्कवर जागा नसायची, त्यामुळे आधीची फाइल लगेच पुसायची. नंतर तीन संगणक बदलले, सवय तीच राहिली. लग्नं, दुकानांची उद्घाटनं, शाळांची संमेलनं: चेहरे ओळखू आले की गिऱ्हाईक खूश.

त्या मंगळवारचं काम मात्र ताईचं होतं. त्याच्या या मोठ्या बहिणीला तिसऱ्या वर्षापासून ऐकू येत नाही. इस्पितळानं तिला गळ घातली होती: घरी जाणाऱ्या बहिऱ्या रुग्णांनी सूज उतरवायच्या गोळ्या कशा घ्यायच्या, ते खुणांच्या भाषेत सांगा. आधी तीन-तीन, मग दोन-दोन, मग एक. सहा मिनिटांचा व्हिडिओ. पाच वाजता द्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुग्णांच्या फोनवर जाणार होता.

ताई सव्वा वाजता आली, बघायला बसली आणि दुसऱ्याच मिनिटाला तिनं हात वर केला.

"इथे मी किती गोळ्या सांगितल्या?" तिनं खुणेनं विचारलं.

"तीन," भिंगरीनंही हातांनीच सांगितलं. तो तिच्याशी लहानपणापासून असाच बोलतो, फक्त घाईत अर्धी वाक्यं गिळतो.

"खालचं वाचून सांगतोयस. झाक ते."

त्यानं अक्षरांवर तळहात धरला. पडद्यावरच्या ताईचा हात हनुवटीपासून झपकन पुढे आला आणि बोटं ओल्या रंगासारखी एकमेकांत मिसळली. तीन असतील. दोनही असतील.

"पण अक्षरं आहेत की."

"ज्याला वाचता येतं तो माझ्याकडे कशाला बघेल? हे बघणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ते बोटंच बघणार आणि तेवढ्याच गोळ्या घेणार."

भिंगरीला कारण ठाऊक होतं. फाइल लहान व्हावी म्हणून प्रत्येक एक्सपोर्ट चित्रातलं थोडं टाकून देतो. जे वेगानं हलतं, त्यातलं जास्त. पुढचा एक्सपोर्ट उरलेल्यातून आणखी टाकतो. हा पाचवा होता.

"मग मूळ काढ," ताई म्हणाली.

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. कॅमेऱ्याचं कार्ड सकाळीच दुसऱ्या शूटिंगसाठी साफ केलेलं. संगणकाची कचरापेटीही रिकामी.

"पुसलं."

"लहानपणी माझं जेवण व्हायच्या आत ताट उचलायचास. काही फरक नाही पडला."

"तेवढाच तुकडा पुन्हा घेऊ ना."

"मी काय बोलले ते मला पाठ आहे, तरी मला एक जागा सापडली. ज्याला पाठ नाही त्याला किती सापडतील? सगळं पुन्हा."

दीड वाजला होता. भिंतीपुढे ती उभी राहिली, पहिल्यापासून सगळं बोलली. अडीचला कार्ड रिकामं न करता त्यानं फुटेज उतरवलं. कापणं, उजेड, अक्षरं, यांच्या मधे काहीच बाहेर काढलं नाही. फक्त रंगांचं सॉफ्टवेअर वेगळं, तिथे न्यायला एकदा बाहेर काढावंच लागणार होतं. त्यासाठी त्यानं जवळजवळ काहीच न टाकणारा प्रकार निवडला. फाइल अवाढव्य. डिस्क भरली. त्यानं 'नमुने' हा फोल्डर उघडला: गिऱ्हाइकांना दाखवायची त्याची दहा वर्षांची निवडक कामं. एक चालवून पाहिलं. नाचणाऱ्या पायांच्या जागी करडा धूर होता. त्यानं सगळा फोल्डर उडवला.

चार वाजून वीस मिनिटांनी शेवटचा, फाइल लहान करणारा एकुलता एक एक्सपोर्ट झाला. त्यानं ताईसमोर पडदा वळवला. तिनं मान हलवली आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं.

"मला नको दाखवू. त्याला बोलाव."

खालचा रंगारी वर आला. जन्मापासून ऐकू न येणारा, शाळेत कधी न गेलेला. ताईनं खालच्या अक्षरांवर कागद चिकटवला. रंगारी बघू लागला, आणि दर आकड्याला निळ्या डागांचा हात वर करू लागला. तीन. तीन. दोन. भिंगरी खुर्चीच्या कडा धरून बसला होता. सहा मिनिटं उठला नाही. शेवटी रंगाऱ्यानं एक बोट दाखवलं, तेच भिंगरीकडे वळवलं आणि ताईला खुणेनं विचारलं, "गोळ्या कुणाला? याला? हा बरा तरी होईल का?"

पावणेपाचला फाइल गेली. भिंगरीनं कार्ड पाकिटात घातलं, वर 'पुसू नये' लिहिलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. ताईनं खण उघडला, पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं आणि जिना उतरली.